डोमाची हाळी

कोसमटोल्याच्या कोळसा खाणीत डोमा गेडाम टेके लावायचा. कोळसा काढला की वरचं छत उघडं पडतं. त्या छताखाली लाकडाचे सोट उभे करायचे, पाचर ठोकून घट्ट बसवायचे, आणि दिवसभर हातात काठी घेऊन छत वाजवत हिंडायचं, हे त्याचं काम. छत चांगलं असलं की काठी ठणठणीत वाजते. वरचा थर सुटला असला की आवाज पोकळ येतो, रिकाम्या कोठीवर थाप मारल्यासारखा. हा एवढा फरक ओळखण्यावर पन्नास-साठ माणसांचा जीव टांगलेला असायचा.

डोमा भित्रा होता. ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा. वैनगंगेपलीकडे, चामोर्शीच्या अंगाला, रानातल्या एका गावात तो वाढला. डोक्यावर आभाळ किंवा फार तर मोहाची फांदी, एवढंच त्याला ठाऊक. सत्तेचाळीस साली लाकडाच्या गाड्यांबरोबर तो चांद्याकडे आला. खाणीच्या तोंडाशी सोट उतरवताना त्याने दोन सोट बाजूला काढले. "हे आतून फाटले हायेत," म्हणाला. मॅनेजर गुणवंतराव तिथंच उभे होते. त्यांनी सोट चिरून पाहिले. दोन्ही फाटलेले निघाले.

"खाली काम करतं का?" गुणवंतरावांनी विचारलं.

"नाई साहेब. मले भेव वाटते."

"मंग तूच पायजे मले," गुणवंतराव म्हणाले. "ज्याले भेव नाई, त्याच्या हाती मी छत देत नसतो."

असा डोमा खाली उतरला. पहिले सहा महिने त्याला रोज उतरताना ओकारी यायची. सुकरी, त्याची बायको, भाकरी बांधून द्यायची आणि तो ती तशीच परत आणायचा. पुढे ओकारी थांबली, पण भीती काही गेली नाही. ती कानात जाऊन बसली. छतातून कोळशाचे चार कण भुरभुरले तरी त्याला ऐकू यायचे.

खाण लहान होती. ऐंशी-नव्वद माणसं, सगळी आसपासच्या गावांतली, एकमेकांच्या लग्नाला गेलेली. तिथं एक रीत पडली होती. डोमाच्या गावात गुरांजवळ वाघ दिसला की राखणदार लांबलचक हाळी देत. "होऽऽ रेऽ होऽऽ!" एकदा छत कुरकुरताना डोमाच्या तोंडून घाबरून तीच हाळी निघाली. माणसं धावत बाहेर आली, आणि घटकाभराने तिथलं छत खाली बसलं. तेव्हापासून ठरून गेलं. डोमाची हाळी आली की हातातलं टाकायचं आणि मोठ्या वाटेकडे पळायचं. कोणाला विचारायचं नाही, कोणासाठी थांबायचं नाही. ही गोष्ट कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती. सात वर्षांत डोमाने चारदा हाळी दिली. दोनदा छत पडलं, दोनदा काहीच झालं नाही. तेव्हा कोळसा फोडणारा मुखरू, त्याचा जिवाचा दोस्त, घाम पुसत म्हणाला होता, "चाल, तेवढाच आराम झाला."

चोपन्न सालच्या दिवाळीनंतर मालकाने खाण विकली. शेजारच्या टेकडीपलीकडे पिंपळझोरा नावाची मोठी खाण होती. तिच्या कंपनीने कोसमटोला विकत घेतली. दोन्ही खाणींच्या मधे कोळशाची एक जाड भिंत राखलेली होती. ती फोडायची, दोन्हींचा कोळसा एकाच तोंडातून काढायचा, एकच इंजिन, एकच कचेरी, एकच मॅनेजर, असा बेत होता. कागदावर तो फार सुरेख दिसत असावा.

नवे मॅनेजर सान्याल साहेब हुशार होते, स्वतः खाली उतरायचे, कोणाला उगाच बोलायचे नाहीत. पण त्यांना घाई होती. तीन महिन्यांत दोन्ही खाणी एक करून दाखवीन, असा शब्द ते वरच्या लोकांना देऊन बसले होते. ताबा घेताना त्यांच्या माणसांनी आठ दिवस मोजदाद केली. कोळसा वाहायचे टब किती, रूळ किती, दिवे किती, पंप किती. गुणवंतरावांनी एकेक वस्तू दाखवली, सही केली आणि ते नागभीडला आपल्या घरी गेले.

जानेवारीत भिंत फुटली. पलीकडून माणसं आली. कोणी तेलंगणातली, कोणी रायपूरकडची. साहेबांनी टोळ्या मिसळल्या. प्रत्येक टोळीत तीन इकडचे, तीन तिकडचे. एकत्र काम केलं की एक होतील, असा त्यांचा हिशेब. मुखरूच्या जोडीला सुकलू नावाचा रायपूरकडचा गडी आला. दोघांना एकमेकांचं बोलणं अर्धंच कळायचं, पण तंबाखू दोघांनाही लागायची, त्यामुळे जमलं.

डोमाचं मात्र कोणाशी जमेना. पिंपळझोऱ्याचा टेकेवाला पोचू सिरोंच्याकडचा, उंच, अबोल. त्याच्या खाणीत लाकडाऐवजी जुन्या रुळांचे तुकडे टेकू म्हणून उभे करत. आता तेच तुकडे इकडेही येऊ लागले. डोमाने धीर करून सान्याल साहेबांना गाठलं.

"साहेब, लाकूड मोडायच्या आधी बोलते. कुरकुरते, रडते. आमाले पळाले येळ भेटते. लोखंड बोलत नाई."

साहेब हसले, पण चेष्टेनं नव्हे. "मिस्त्री, लोहा लकडी से मजबूत होता है की नाही?"

"होते, साहेब."

"बस. मग डर कशाला?"

साहेबांचं खोटं नव्हतं, आणि आपलंही खोटं नव्हतं. पण आपलं खरं कसं मांडावं हे डोमाला उमगेना. खाली अर्ध्या जागेत त्याचे सोट, अर्ध्या जागेत पोचूचे रूळ, असं मिसळून गेलं. दोघं टेकेवाले समोरासमोर आले की मान हलवायचे आणि आपापल्या वाटेने जायचे. डोमाला वाटे, हा रूळ घेऊन आला. पोचूला वाटे, हा भेकड.

मग ती फजिती झाली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात डोमाला एका ठिकाणी छत पोकळ वाजलं. वर भुरभुर झाली. त्याने हाळी दिली. कोसमटोल्याची माणसं हत्यारं टाकून धावली. पिंपळझोऱ्याची जागेवर उभी राहून बघत राहिली. इंजिन थांबलं, टब अडकले, सगळी पाळी फुकट गेली, आणि छत जसंच्या तसं राहिलं. दुसऱ्या दिवशी दिवे वाटायच्या खोलीपाशी कोणीतरी डोमाला पाहून हाळीची नक्कल केली. "होऽऽ रेऽ होऽऽ!" सगळे खदखदून हसले. त्याला सर्वांत जास्त लागलं ते हे की हसणाऱ्यांत कोसमटोल्याचेही दोघं होते.

साहेबांनी बोलावून घेतलं. पिंपळझोऱ्याचा नियम आता सगळीकडे लागू झाला. माणसं काढायची असतील तर ओव्हरमन, म्हणजे पाळीचा मुकादम, तीन शिट्ट्या मारील. दुसऱ्या कोणी आरडाओरड करायची नाही. कागद वाचून दाखवला, डोमाने अंगठा उठवला.

"बरं झालं ना," सुकरी म्हणाली. "आता पडलं-उठलं त्या शिट्टीवाल्याच्या माथी."

पण त्या दिवसापासून त्याला एक नवीच भीती लागली. आजवर तो छताला भ्यायचा. आता तो स्वतःच्या तोंडालाही भिऊ लागला.

फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारची वेळ. मुखरू आणि सुकलू फोडलेल्या भिंतीपासून थोड्या अंतरावर कोळसा फोडत होते, त्यांच्या पलीकडे आणखी चौघं. डोमा काठी वाजवत तिथं आला. एकदा वाजवली. पुन्हा वाजवली. आवाज पोकळ होता. त्याने दिवा वर धरला. छतात केसाएवढी रेघ होती. सकाळी ती नव्हती. जवळचा लाकडी सोट अगदी हळू, दाराची कडी फिरावी तसा, एकदाच कुरकुरला. रुळाचे चार टेकू मुकाट उभे होते.

"काऊन रे डोमा?" मुखरूने पाहिलं. "काई हाय का?"

डोमाची हाळी छातीपर्यंत आली आणि तिथंच अडकली. नाही पडलं तर? पुन्हा पाळी फुकट, पुन्हा ते हसणं, आणि अंगठा तर उठवलेला. "येतो," तो कसाबसा म्हणाला. "ओव्हरमनले सांगून येतो."

मुखरूने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. पूर्वीचे दिवस असते तर एवढ्यावरच तो बाहेर पडला असता. पण नियम त्यालाही माहीत होता. त्याने घण उचलला.

ओव्हरमन दोनशे पावलांवर होता. डोमा धावत गेला. वाटेत त्याला दोनदा ठेच लागली. ओव्हरमन टब सोडवत होता. "साहेब, छत बोलून राह्यलं. शिट्टी मारा."

"मागच्या वेळेसारखं?" ओव्हरमन म्हणाला. "थांब, चार टब निघू दे, मग येऊन पाहतो."

डोमा थांबला. किती वेळ, हे त्याला पुढे जन्मभर सांगता आलं नाही. एक टब गेला, दुसरा गेला. मग मागून, लांबून, लाकूड फाटल्याचा आवाज आला. त्यासरशी डोमा मागे धावत सुटला आणि धावता धावता त्याने हाळी दिली. अशी की ती देताना घशात रक्ताची चव आली.

पलीकडच्या चौघांत कोसमटोल्याचे दोघं होते. त्यांनी बाकीच्या दोघांना ढकलत बाहेर काढलं. मुखरूही निघाला. वळणापर्यंत आला होता. डोमाने त्याचा दिवा पाहिला. मग मुखरू थबकला. मागे सुकलू हातात घण घेऊन तसाच उभा होता, कोण ओरडतंय ते बघत. त्याला ती हाळी म्हणजे नकलेतला विनोद, एवढंच माहीत. मुखरू ओरडला, "चल बे! पळ!" आणि त्याला धरायला परत वळला.

छत बसलं तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. वाऱ्याचा एक जबर लोट आला, त्याने डोमाला उताणं पाडलं आणि सगळे दिवे विझले. काळोखात धूळ खाली बसत राहिल्याचा आवाज तेवढा येत होता.

दोघांचे देह बाहेर काढायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. त्या वेळात डोमाच्या शेजारी कोणीतरी सारखं दगड उचलत होतं. दिवा जवळ आला तेव्हा दिसलं, तो पोचू होता. मुखरूने सुकलूचा दंड धरलेला होता.

चौथ्या दिवशी पोचू डोमाच्या घरी आला. अंगणात बसला. सुकरीने पाणी दिलं, ते तसंच ठेवलं.

"अन्ना," तो म्हणाला, "तुझी हाळी म्हणजे काय, मला कोणी सांगितलं नाही."

"मी सांगतलं नाई," डोमा म्हणाला.

"मी पण विचारलं नाही. एक महिना एका छताखाली होतो." पोचूने तोंडावरून हात फिरवला. "लोखंड बोलत नाही, हे मलाही माहीत होतं. म्हणून आम्ही रुळाजवळ एक पातळ लाकूड लावायचो, ते आधी मोडतं. इथं घाईत ते लाकूड आलंच नाही. मला वाटलं, तुम्ही तुमचं बघून घ्याल."

डोमाने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

चौकशी झाली. गुणवंतरावांनाही बोलावलं होतं. सरकारी अधिकाऱ्याने विचारलं, हाळीची रीत तुम्ही ताबा देताना का सांगितली नाही? म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. "साहेब, त्यांनी मले टब विचारले, मी टब सांगतले. दिवे विचारले, दिवे सांगतले. तुमची माणसं कोणाच्या शब्दावर पळतात, हे मले कोणी विचारलंच नाई. अन् माह्या ध्यानात आलं नाई का हे सांगाची गोष्ट हाय. सात वर्षं रोज पाह्यलेलं होतं ना."

सान्याल साहेब मान खाली घालून ऐकत होते. दोन महिन्यांनी ते खाण सोडून गेले. त्यांच्या आधी माणसं गेली. कोसमटोल्याची माणसं गावी परतली, पिंपळझोऱ्याची दुसऱ्या खाणींवर. जी राहिली ती एकमेकांच्या टोळीत जायला तयार होईनात. कोळसा आधी दोन्ही खाणींतून मिळून निघायचा त्याच्या निम्म्यावर आला. पावसाळ्याआधी कंपनीने फोडलेली भिंत विटांनी बुजवली आणि पुढच्या वर्षी कोसमटोल्याचं तोंडही बंद केलं.

डोमा गावी जाण्याआधी मुखरूच्या घरी गेला. मुखरूची बायको नीलाबाई दारात उभी राहिली. तिने त्याला बसा म्हटलं नाही.

"डोमाभाऊ, तुमी हाळी उशिरा काऊन देली?"

सगळ्या गावाने त्याला सांगितलं होतं की तुझा दोष नाही, नियमच तसा होता. तेच सांगायचं म्हणून तो आला होता. पण तोंडून निघालं ते वेगळंच. "भेलो, बाई. लोक हसतीन म्हून भेलो."

नीलाबाई आत निघून गेली.

पुढची दोन वर्षं डोमा गावात धान लावत होता, मोहफुलं वेचत होता. घरात त्याला झोप येईना. पावसातही तो पडवीच्या अगदी कडेला निजायचा, पाय बाहेर भिजायचे. आढं करकरलं की उठून बसायचा. सुकरी त्याच्या शेजारी येऊन बसायची.

सत्तावन्न साली गुणवंतरावांचा निरोप आला. दुसऱ्या एका मालकाच्या दोन खाणी एक व्हायच्या होत्या आणि तिथल्या तरुण मॅनेजरने गुणवंतरावांना सल्ल्याला बोलावलं होतं. निरोप एवढाच होता, 'डोमा, ये. तुझ्याशिवाय मी भिंत फोडू देणार नाही.'

डोमाला त्या दिवशी पुन्हा ओकारी आली. नाही म्हणून कळवायचं ठरवून तो चांद्याला गेला आणि वाट वाकडी करून नीलाबाईकडे गेला. आपण का आलो हे त्याला नीट कळत नव्हतं. तिने ऐकून घेतलं. या वेळी बसा म्हणाली.

"जा," ती म्हणाली. "पण हसणारायले आधी एका जागी बसवा. मंग भिंत फोडा."

डोमा गेला. जाताना सिरोंच्याकडे सांगावा धाडून पोचूलाही बोलावलं. दोघांनी मॅनेजरसमोर उभं राहून सांगितलं, भिंत फोडायच्या आधी पंधरा दिवस द्या. तिकडची माणसं इकडे खाली येऊन बघतील, इकडची तिकडे. टेकेवाले एकमेकांचे टेकू पाहतील. पळायची खूण एकच ठरेल, आणि ती दोन्हीकडच्यांना करता आली पाहिजे. आणि ती कोणीही करावी. खोटी ठरली तर त्याला कोणी विचारायचं नाही, साहेब, तुम्हीसुद्धा नाही.

"कोणीही?" मॅनेजर म्हणाला. "मग रोज काम बंद पडेल."

"पडलं तर पडू द्या," गुणवंतराव म्हणाले. "तुमी खाण घेता म्हंजे नुसते टब नाई घेत. ह्या डोमाचं भेव घेता. ते वापरता आलं पायजे."

मॅनेजरने बराच विचार केला आणि पंधरा दिवस दिले. हाळी सगळ्यांना जमेना, शिट्टी सगळ्यांकडे नव्हती. शेवटी ठरलं, टबाच्या लोखंडी काठावर तीन ठोके, आणि ऐकणाऱ्याने ते पुढे वाजवायचे. पोचूने रुळांजवळ पातळ लाकडं उभी केली. संध्याकाळी दोन्हीकडची माणसं झाडाखाली बसत. पहिले चार दिवस दोन वेगळे घोळके बसले. पाचव्या दिवशी कोणीतरी तंबाखू मागितली.

भिंत फुटून सहा दिवस झाले होते. डोमा एका टोकाला असताना पलीकडून तीन ठोके आले. मग जवळून, मग आणखी जवळून. तो जागेवरच उभा राहिला. पोचूने त्याला दंडाला धरून ओढत बाहेर नेलं. सगळी माणसं उन्हात येऊन उभी राहिली. मोजली, एकही कमी नव्हता. दोन तास वाट पाहिली. आत काहीही पडलं नाही. ज्याने ठोके दिले होते तो कोळसा फोडणारा एका बाजूला उकिडवा बसला होता, चेहरा पांढरा, कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

डोमा मॅनेजरकडे बघत राहिला. छताखालीही तो कधी एवढा भ्याला नव्हता. मॅनेजर घड्याळ बघत दोनदा फेऱ्या मारून आला. एकदा तोंड उघडलं, मग गुणवंतरावांकडे पाहून मिटलं. मग तो त्या माणसाजवळ गेला आणि म्हणाला, "कुठे ऐकलंस ते दाखव. टेकेवाले आधी जातील, मग आपण."

कोणी हसलं नाही. डोमाने आपली काठी उचलली. पोचू पुढे आणि तो मागे, असे दोघं आत शिरले, आणि पहिल्या दहा पावलांवरच डोमाने छत वाजवून पाहिलं.